रिचमंड बुक केलंय खरं, पण कुठलं रिचमंड?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी, आधीच सांगते हसू नका. मुलगा लीड्सला शिकतोय, मे महिन्यात मी आणि हे पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार आहोत. त्यात तीन-चार दिवस यॉर्कशायर डेल्स (तिकडची डोंगर-खोरी) बघायचं ठरलं. आमच्या सोसायटीतले एक काका म्हणाले रिचमंडला राहा, छान किल्ला आहे, नदी आहे, गाव टुमदार आहे आणि तिथून डेल्स जवळ पडतं. मी लगेच रात्री मोबाईलवर रिचमंड इंग्लंड टाकलं, एक गेस्ट हाऊस आलं, फोटोत मागे नदी, हिरवळ, होड्या, म्हटलं झालं हेच ते, आणि तीन रात्रींचे पैसे भरून मोकळी झाले. काल व्हिडिओ कॉलवर मुलाला कौतुकाने दाखवलं तर तो म्हणतो आई हे लंडनमधलं रिचमंड आहे, आपण जाणार ते इथून वरच्या बाजूला आहे, हे खाली दोनेकशे मैलांवर.

ह्यांनी तर "अजून एक रिचमंड काढ, हॅटट्रिक होईल" म्हणून दिवसभर पिडलंय. आणि गंमत म्हणजे ते खोटंही नाही, कारण माझ्या मैत्रिणीची मुलगी रिचमंडला असते ती अमेरिकेत व्हर्जिनियात, पुतण्या कॅनडात रिचमंडला असतो, आणि बंगळुरात माझ्या नणंदेचं घर रिचमंड टाऊनला. मग प्रश्न असे की (१) बुकिंग रद्द करू का, फुकटात रद्द करायची मुदत अजून आठ दिवस आहे, (२) खऱ्या रिचमंडला लीड्सहून जायचं कसं, मी रेल्वेच्या ॲपवर टाकलं तर परत लंडनच दाखवतंय, आणि (३) ह्या इंग्रजांना नावं कमी पडली होती का हो??

डोंगरवाट:
ताई टेन्शन घेऊ नका, तुम्ही पहिल्या नाही आणि शेवटच्याही नाही. मी डार्लिंग्टनला राहतो, म्हणजे तुमच्या काकांच्या रिचमंडपासून गाडीने अर्धा तास.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ॲप बरोबर दाखवतंय, कारण यॉर्कशायरच्या रिचमंडला रेल्वेच नाही. होती, पण १९६९ साली पॅसेंजर गाड्या बंद केल्या. स्टेशनची इमारत मात्र अजून आहे, दगडी, सुंदर, आता तिथे सिनेमा, खाण्यापिण्याची ठिकाणं वगैरे आहेत आणि नाव पण "द स्टेशन" असंच ठेवलंय, त्यामुळे तिथे जाऊन गाडीची चौकशी करणारे पाहुणे मी स्वतः बघितलेत (एक माझे सासरे). लीड्सहून डार्लिंग्टनला थेट गाडी पकडा, साधारण तास सव्वा तास, आणि स्टेशनवरून चालत गावात आलात की रिचमंडची बस मिळते. रविवारी बसचं काही खरं नसतं, तेवढं वेळापत्रक बघून घ्या.

आता काय बघायचं. किल्ला तर बघाच. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर त्याचा एक नातलग सरदार होता ॲलन रुफस, त्याने १०७१ च्या सुमारास स्वेल नदीच्या वर कड्यावर बांधायला घेतला. आतला मोठा बुरूज नंतरचा, बाराव्या शतकातला, शंभर फूट उंच आहे, वर चढून गेलात तर अर्धं स्वेलडेल दिसतं. पण मला स्वतःला तिथली सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे कोठड्या. पहिल्या महायुद्धात ज्यांनी आम्ही बंदूक हातात घेणार नाही म्हणून सांगितलं त्यातल्या काहींना १९१६ मध्ये इथे डांबून ठेवलं होतं, त्यांनी भिंतींवर पेन्सिलीने लिहिलेलं आणि काढलेलं अजून आहे. त्यातल्या सोळा जणांना फ्रान्सला नेऊन देहदंड सुनावला, मग लगेच बदलून दहा वर्षं सक्तमजुरी केली. कोठड्यांच्या आत नेहमी सोडतात असं नाही, जाण्याआधी चौकशी करा.

गावाच्या मधोमध फरशा-गोट्यांचा उतरता बाजारचौक आहे आणि चौकात मध्येच चर्च, ज्यात आता लष्करी पलटणीचं म्युझियम आहे. १७८८ सालचं छोटंसं नाट्यगृह आहे, आत बसलं की आपल्याकडच्या जुन्या वाड्यात बसल्यासारखं वाटतं, इतकं जवळ जवळ सगळं. चप्पल घालू नका, बूट घाला, सगळं गाव चढउताराचं आहे.

थेम्सतीरी:
एक मिनिट, एक मिनिट. "खऱ्या रिचमंडला" हे काय चाललंय? 😄 मी बारा वर्षं लंडनच्या रिचमंडजवळ राहतोय आणि ताईंनी चुकून का होईना पण उत्तम जागा निवडलीय असं माझं मत आहे. रद्द करू नका, परतीचं विमान हीथ्रोहून असेल तर शेवटचे दोन दिवस तिथेच काढा, रिचमंडहून हीथ्रो अगदी जवळ. डिस्ट्रिक्ट लाईनची ट्यूब (लंडनची मेट्रो) तिथे संपते, क्यू गार्डन्स एक स्टेशन अलीकडे. रिचमंड पार्क अडीच हजार एकरांचं आहे, पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ मध्ये शिकारीसाठी भिंत घालून घेतलेलं, आणि अजूनही सहाशेच्यावर हरणं मोकळी फिरतात. मे-जूनमध्ये पाडसं असतात त्यामुळे माद्या जवळ येऊ देत नाहीत, फोटोच्या नादात पुढे जाऊ नका.

आणि टेकडीवरून थेम्सचं वळण दिसतं ते बघायलाच हवं. ह्या एका नजाऱ्यासाठी १९०२ साली पार्लमेंटमध्ये कायदा पास झालाय, समोर बांधकाम होऊ नये म्हणून. मी पुण्याचा, मला दर वेळी तिथे उभं राहिलं की आपल्या टेकड्या आठवतात आणि मग मी विषय बदलतो.

डोंगरवाट:
@थेम्सतीरी नजारा छानच आहे, वादच नाही. पण नाव आमच्याकडून नेलंय हे पण सांगा की ताईंना.

थेम्सतीरी:
सांगतो, सांगतो, लपवत नव्हतो. आमच्या गावाचं मूळ नाव शीन. तिथे राजवाडा होता, १४९७ च्या नाताळात सातवा हेन्री कुटुंबासकट तिथे असताना आग लागून जळाला. त्याने तो नव्याने बांधला आणि राजा व्हायच्या आधी तो "अर्ल ऑफ रिचमंड" होता, म्हणजे ती यॉर्कशायरची जहागिरी, तेच नाव नव्या राजवाड्याला दिलं, १५०१ च्या आसपास. मग वाड्यावरून गाव. पहिली एलिझाबेथ १६०३ मध्ये ह्याच राजवाड्यात वारली. आज फक्त दरवाज्याची कमान आणि थोडाफार भाग शिल्लक आहे, बाकी सतराव्या शतकात पाडून विकला.

जाताजाता, ऋषी सुनक खासदार कुठले, तर रिचमंडचे, आणि माझ्या आईने फोनवर मैत्रिणींना सांगितलं की आमच्या मुलाच्या गावचा पंतप्रधान झाला. तो मतदारसंघ यॉर्कशायरचा, इकडचा "रिचमंड पार्क" वेगळा. आईला अजून सांगितलेलं नाही.

कर्जत_लोकल:
इंग्रजांना हसताय, आधी मला सांगा कर्जत कुठलं? मी शेवटच्या लोकलने घरी जातो ते, का अहिल्यानगरचं? माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर नुसतं "मु. पो. कर्जत" छापलं होतं आणि हिच्या मामाचं अख्खं बिऱ्हाड गाडी करून दुसऱ्या कर्जतच्या वाटेला लागलं होतं. फोन आला तेव्हा भिगवण ओलांडलं होतं म्हणे. मामा अजून बोलत नाही.

बखरवाचक:
कर्जत, खेड (एक कोकण रेल्वेचं, एक पुण्याचं राजगुरुनगर), आष्टी, शिरूर, कळंब, यादी करायला बसलो तर रात्र होईल. पण मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ होतेय.

आपल्याकडची बहुतेक सारखी नावं ही एकमेकांना न विचारता पडलेली आहेत. वड दिसला वडगाव, पिंपळ दिसला पिंपळगाव. एका वडगावचा दुसऱ्याशी संबंध असायचं कारण नाही. मग घोळ होतो म्हणून बुद्रुक-खुर्द, मावळ, शेरी असं काहीतरी मागे लावायचं. इंग्लंडातही ही जात भरपूर आहे, सटन म्हणजे दक्षिणेकडचं गाव, न्यूटन म्हणजे नवं गाव, न्यूपोर्ट नवं बंदर, ही त्यांची वडगावं. रिचमंडचं तसं नाही. हे नाव एका मुळावरून फुटत गेलंय, जवळजवळ प्रत्येक रिचमंडला बाप दाखवता येतो. म्हणून मला हे नाव आवडतं.

मूळ नाव जुनं फ्रेंच, "रिश माँ", भक्कम टेकडी म्हणा किंवा समृद्ध टेकडी. नॉर्मन लोकांनी येताना आणलं. फ्रान्समध्ये रिशमाँ नावाची गावं एकाहून जास्त आहेत, म्हणजे ताई तुम्ही तिकडे गेलात तरी हाच प्रश्न. तिथून यॉर्कशायर, तिथून सातव्या हेन्रीमुळे थेम्सकाठ, हे वर आलंच आहे. पुढे थेम्सकाठचं नाव जहाजात बसलं. व्हर्जिनियात विल्यम बर्ड नावाचा जमीनदार होता, दुसरा विल्यम बर्ड, त्याचं शिक्षण इंग्लंडात झालेलं, त्याला जेम्स नदीचं वळण टेकडीवरून बघून लंडनच्या रिचमंड हिलची आठवण झाली, आणि १७३७ मध्ये गावाची आखणी झाली ती रिचमंड ह्याच नावाने. तुमच्या मैत्रिणीची मुलगी राहते ते हे. १७८० पासून व्हर्जिनियाची राजधानी, आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची राजधानी, १८६५ च्या एप्रिलमध्ये पळून जाताना त्यांच्याच सैन्याने कोठारं पेटवली आणि अर्धा बाजार त्यात गेला.

ही झाली टेकडीची शाखा. दुसरी शाखा माणसांची. दुसऱ्या चार्ल्स राजाला लग्नाबाहेर झालेला एक मुलगा, चार्ल्स लेनॉक्स, त्याला १६७५ मध्ये तीन वर्षांचा असताना ड्यूक ऑफ रिचमंड केलं. १६८३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडला काऊंटी केली तेव्हा नाव दिलं रिचमंड, म्हणजे अकरा वर्षांच्या पोराचं नाव एका बेटाला. त्या बरोचं (न्यूयॉर्क शहराच्या विभागाचं) अधिकृत नाव १९७५ पर्यंत रिचमंडच होतं, काऊंटी म्हणून तर आजही आहे. गावावरून पदवी, पदवीवरून परत दुसरंच गाव. आपल्याकडे निंबळकवरून निंबाळकर आणि निंबाळकरांवरून बारामतीजवळचं वडगाव निंबाळकर, तसंच.

ह्याच घराण्यातला चौथा ड्यूक. ह्याच्या बायकोने १८१५ मध्ये ब्रसेल्सला जी नाचाची मेजवानी दिली तिच्यातूनच अर्धे अधिकारी उठून लढाईला गेले, तिसऱ्या दिवशी वॉटर्लू. तो पुढे कॅनडाचा गव्हर्नर जनरल झाला, १८१९ च्या उन्हाळ्यात एक पाळीव कोल्हा त्याला चावला, तेव्हा काही वाटलं नाही, दौऱ्यावर निघाला, आणि ओटावाजवळ स्वतःच्याच नावाने नव्याने वसवलेल्या रिचमंड गावात मुक्काम केल्यावर पाणी बघून घाबरायला लागला. रेबीज. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका शेतावर वारला. ज्या गावाला आपलं नाव दिलं त्याच गावाच्या वेशीवर मरण, तेही पाण्याच्या भीतीने, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

धुक्यातला_मावळा:
सॅन फ्रान्सिस्को बे एरियातून हजेरी. आमच्याकडे रिचमंड दोन आहेत आणि मी दोन्हींचा मार खाल्लाय. नवीन नवीन आलो होतो, खोली शोधत होतो, एकाने फोनवर सांगितलं "द रिचमंडमध्ये आहे, ये बघायला". मी बार्टचा (इथल्या लोकल रेल्वेचा) नकाशा बघितला, लाईनच्या टोकाला ठळक रिचमंड लिहिलंय, बसलो आणि शेवटपर्यंत गेलो. तिथून फोन केला तर तो म्हणतो अरे बाबा ते खाडीपलीकडचं रिचमंड शहर, मी सॅन फ्रान्सिस्कोतल्या रिचमंड भागात आहे, समुद्राकडे, इथे बार्ट येतच नाही. परत फिरलो, मग अर्धा तास बस. पोचेपर्यंत खोली दुसऱ्याला दिलेली. तेव्हापासून "द" ह्या शब्दाकडे मी आदराने बघतो. इथे "द रिचमंड" म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतला भाग आणि नुसतं रिचमंड म्हणजे पलीकडचं शहर, एवढ्या एका "द" वर सगळं.

@बखरवाचक तुमच्या वंशावळीत हे पण घाला. तो शहरातला भाग पूर्वी नुसत्या वाळूच्या टेकड्या होत्या, तिथे जॉर्ज टर्नर मार्श नावाच्या ऑस्ट्रेलियन व्यापाऱ्याने घर बांधलं आणि आपल्या मेलबर्नच्या गावावरून घराला नाव दिलं रिचमंड हाऊस. त्या घरावरून वस्तीला नाव. १९१७ मध्ये नगरपालिकेने घोळ नको म्हणून अधिकृत नाव बदलून पार्क-प्रेसिडिओ केलं, लोकांनी ऐकलं नाही, ब्याण्णव वर्षांनी २००९ मध्ये परत अधिकृतपणे रिचमंड करावं लागलं. म्हणजे व्हीटी-सीएसटीसारखंच, कागदावर काहीही लिहा.

पलीकडच्या शहराबद्दल लोक वाईटच बोलतात, रिफायनरी आहे, वगैरे वगैरे, पण दुसऱ्या महायुद्धात तिथल्या चार गोद्यांनी मिळून ७४७ जहाजं बांधली. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये एक मालवाहू जहाज चार दिवस साडेपंधरा तासांत पाण्यात सोडलं. माझ्या बाथरूमच्या नळाला गेले तीन आठवडे माणूस येतोय. हजारो बायका तिथे वेल्डिंग करायच्या, त्यांच्या नावाने आता राष्ट्रीय स्मारक आहे, बघण्यासारखं आहे.

यारा_काठची:
मेलबर्नचं नाव निघालं म्हणून. आमचं रिचमंड लंडनच्या रिचमंड हिलवरून पडलं, इथेही यारा नदी आणि एक बारीकशी चढण आहे, तेवढ्यावर त्यांनी भागवलं. क्रिकेटवाल्यांनी लक्षात ठेवा, एमसीजीला मॅच बघायला जायचं तर रिचमंड स्टेशनला उतरायचं. आणि सिडनीच्या बाजूला अजून एक रिचमंड आहे जिथे हवाई दलाचा तळ आहे, आणि टास्मानियात एक, जिथला १८२० च्या दशकात कैद्यांकडून बांधून घेतलेला दगडी पूल अजून वापरात आहे. गुगल मॅपवर देश न लिहिता टाकू नका एवढंच.

सपाट_रिचमंडकर:
गोदाकाठची काकू, तुमच्या पुतण्याच्या रिचमंडमधून लिहितोय 🙂 व्हँकुव्हरचं विमानतळ आमच्याच हद्दीत आहे. बखरवाचकांनी सांगितलेला अर्थ वाचून खूप हसलो, "भक्कम टेकडी" म्हणे! आमचं अख्खं शहर फ्रेझर नदीच्या मुखातल्या बेटांवर, सरासरी उंची समुद्रापासून एक मीटर. ना भक्कम ना टेकडी. चारी बाजूंनी बांध घातलेत म्हणून कोरडे आहोत. सायकल मात्र मस्त चालते. पुतण्याला म्हणावं ५ नंबर रोडवर एकदा चक्कर मार, एकाच रस्त्यावर मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च, बौद्ध विहार सगळं ओळीने.

गोदाकाठची:
बाप रे, मी एक बुकिंग विचारलं आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला जगप्रदक्षिणा घडवली. रात्री ह्यांना मोठ्याने सगळं वाचून दाखवलं, कोल्ह्याच्या गोष्टीला हे चक्क गप्प झाले.

निर्णय असा झालाय. लंडनचं बुकिंग रद्द नाही केलं, तारखा पुढे ढकलल्या, तीनच्या दोन रात्री केल्या, परतीच्या आधी तिथे हरणं बघणार (लांबूनच). यॉर्कशायरला बाजारचौकाजवळ दोन रात्री वेगळं घेतलं, ह्या वेळी पैसे भरायच्या आधी मुलाला, डोंगरवाट ह्यांना व्यक्तिगत निरोपात आणि नकाशाला, तिघांनाही विचारलं. थेम्सतीरी, तुमच्या आईला सांगू नका, राहू दे. आणि मैत्रिणीच्या मुलीला विचारलं की तुमच्याकडे ती नदीच्या वळणाची टेकडी आहे का, तर ती म्हणते सहा वर्षं राहतेय, ऑफिस आणि घर सोडून काही बघितलं नाही, ह्या शनिवारी जाऊन येते.

नणंदेच्या बंगळुरच्या रिचमंड टाऊनचा बाप कोण ते मात्र कुणीच सांगितलं नाही!

कर्जत_लोकल:
काकू, डार्लिंग्टन एकच आहे ना, ते पण बघून घ्या.

डोंगरवाट:
@कर्जत_लोकल गप बस रे. (अमेरिकेत आहेत एक-दोन. ताई, तुम्ही लीड्सहूनच बसताय, काळजी नको.)